पांगाऱ्याची फळी

धावड्याच्या कडूबा सुतारानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि त्याला त्याची खंतही नव्हती. "एवढं ढीगभर पाणी, अन् तोंडात घेता येत न्हाई. मंग ते काय उपेगाचं?" असं तो म्हणायचा आणि वर ऐकणाऱ्यालाच दरडावायचा, "बोला, खोटं हाये का?" ज्या गावात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायका विहिरीच्या काठावर बसून राहतात, तिथं त्याला खोटं कोण म्हणणार? पण देवालाही असल्याच माणसाची थट्टा करायची हुक्की येते. शहाण्णव सालच्या दिवाळीत ह्याच कडूबावर लाटेवर घसरायची फळी करायची पाळी आली. आणि तीही कुणासाठी, तर जिनं समुद्र नुसता फोटोत पाहिला होता त्या पोरीसाठी.

ती पोर म्हणजे त्याची नात, वच्छी. कडूबाची एकुलती एक लेक उषा बदनापूरकडच्या भुजंगला दिली होती. वच्छी अंगावर पीत होती तेव्हा उषाला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला, आणि बघता बघता पोरगी हातची गेली. भुजंगनं लेकरू आणून सासूच्या मांडीवर ठेवलं. "मामी, मला काही सुचून न्हाई राह्यलं," एवढंच तो म्हणाला. सगुणाबाई रडायची थांबली आणि दुधाची वाटी शोधायला लागली. तेव्हापासून वच्छी धावड्याला होती. आता पाच सरून सहावं लागलं होतं. रंध्याखालून निघणाऱ्या कुरळ्या साली कानात अडकवून ती गावभर मिरवायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची की आबानं झुमके केले.

भुजंग माणूस वाईट नव्हता, उगीच कशाला बोल लावा. बायको गेल्यावर तो ट्रकवर गेला, ट्रकवरून फिरत फिरत गोव्याला लागला आणि तिथं समुद्राकाठच्या एका हॉटेलाची गाडी चालवायला लागला. पोळ्याला आणि दिवाळीला न चुकता यायचा. येताना फ्रॉक आणायचा, बिस्किटं आणायचा. ओट्यावर बसून हात पसरायचा, "ये गं वच्छे." वच्छी आबाच्या धोतरामागं दडायची. तो थोडा वेळ तसाच बसायचा आणि मग रिकामे हात मांडीवर घ्यायचा.

त्या दिवाळीत पाडव्याला तो आला तो एक फोटो घेऊन. त्याच्यात तो स्वतः पांढऱ्या कपड्यात उभा होता. मागं निळं पाणी आणि पाण्याच्या अलीकडं वाळूत रोवलेल्या रंगीत फळ्या, माणसापेक्षा उंच. एक फळी पालथी पडलेली. वच्छी धोतरामागून हळूच डोकावली. सुताराचीच नात ती, तिला काय दिसणार?

"आबा, हे दारं हायेत का?"

भुजंग खो खो हसला. किती दिवसांनी तो त्या ओट्यावर हसला असेल. "दारं न्हाईत गं. हे फळीवर उभं राह्यचं, अन् मागून लाट आली की सुईंऽऽ करून काठाला यायचं. गोऱ्यांचे लेकरंबी करतेत. तुझ्याएवढे असतेत."

"बुडत न्हाईत?"

"फळी बुडू देत न्हाई."

वच्छी बापाजवळ काही गेली नाही, पण फोटो तिनं ओढून घेतला. दिवेलागणीपर्यंत तो तिच्या हातातून सुटला नाही.

जेवणं झाल्यावर भुजंगनं विषय काढला. त्यानं मागच्या साली दुसरं लग्न केलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल सगुणाबाईनं चकार शब्द काढला नव्हता. पण आज तो म्हणाला, "मामा, तिकडं शाळेत नाव घालायचं हाये. तीबी सारखी मागं लागली, पोर आणा, पोर आणा. चांगली हाये ती. म्या आईकडं बदनापूरला जातो अन् पुढच्या आठवड्यात तिला न्यायला येतो."

कडूबानं तंबाखू मळायची थांबवली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"पण मामा," भुजंग खाली मान घालून म्हणाला, "रडत न्हाई नेणार मी तिला. आईबिगर वाढलेली पोर, तिला ओढून नेलं तर उषी मला माफ न्हाई करायची. माझ्याकडं हसत आली तर नेतो. रडली तर राहू द्या तुमच्यापशी. पुन्हा मी विषय काढणार न्हाई, जबान देतो."

तो गेला आणि सगुणाबाईच्या जिवात जीव आला. "रडंल," ती म्हणाली. "आपली पोर रडंल, तुम्ही बिलकुल काळजी करू नका." आणि त्या दिवसापासून तिनं पोरीचे कान भरायला सुरुवात केली. समुद्रात माणसाएवढे मासे असतात. खारं पाणी डोळ्यात गेलं की डोळे जातात. लाट आली की घरं नेते. कडूबा सगळं ऐकत होता आणि गप्प होता. त्यालाही तेच पाहिजे होतं की! उगीच त्याला साधुसंत कशाला करा? ती पोर गेली तर त्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक रंधा, एवढंच उरणार होतं.

पण लेकराचं डोकं आजीच्या हिशोबानं चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच वच्छी फोटो घेऊन कडूबापुढं उभी. "आबा, मला असली फळी करून दे."

"कशाला गं? हितं कुठं समुद्र हाये?"

"तू कर तर खरं!"

आता कडूबाचा एक स्वभाव होता. लाकडाचं नाव काढलं की त्याची सगळी अक्कल हातात उतरायची आणि डोकं रिकामं व्हायचं. आपण काय करतोय, कशासाठी करतोय, ह्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्यानं चष्म्याची दोरी कानामागं बांधली आणि फोटो उन्हाला धरून पाहिला. "दोन्ही टोकं निमुळती," तो पुटपुटला. "नाकाड वर उचललेलं. अन् मधी पोट. बराबर."

लाकडाचा तर प्रश्नच नव्हता. बाभळीची केली असती तर लेकरासकट तळाला गेली असती. सागवान जड. त्याच्या आढ्याला पांगाऱ्याचं एक जाड खोड बांधून ठेवलं होतं, चांगलं वाळलेलं, हातात धरलं तर वजनच लागत नव्हतं. त्या भागात पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून ढकलून देतात. तो बुडत नाही, म्हणून पोरगंही बुडत नाही. कडूबा स्वतः असाच शिकला होता. मनातल्या मनात तो म्हणाला, गोऱ्यांनीबी हे आमचंच उचललं दिसतं.

खोड खाली आलं. करवतीनं फाळलं, वाकसानं तासलं, मग रंधा. फळी मोठ्यांसारखी लांबलचक करायची नव्हती, पोरीच्या मापाची करायची होती. म्हणून कडूबानं फळी अंगणात ठेवली आणि म्हणाला, "नीज बरं हिच्यावर, माप घिऊ दे." वच्छी हात अंगाला लावून सरळ उताणी निजली, डोळे मिटून. तेवढ्यात सगुणाबाई पाणी घेऊन आली. तिच्या हातातली कळशी निसटली.

"उठ! उठ आधी!" तिनं पोरीला दंडाला धरून ओढलं. "अवं, अक्कल गहाण टाकली का तुम्ही? बिनपायाच्या फळीवर लेकरू निजवता व्हय?"

कडूबाच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांच्या घरात हा रिवाज होता, त्याच्या बापापासूनचा. पाट असो, चौरंग असो, पोराला बसायची नुसती फळी असो, तिला खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्याशिवाय घरात आणायची नाही. जमिनीला टेकलेली सपाट फळी एकदाच लागते, माणसाला शेवटची आंघोळ घालताना. उषाला घातली ती अशाच फळीवर. ती फळी कडूबानंच काढून दिली होती.

"चुकलं," तो म्हणाला. "पाय ठोकतो."

आणि त्यानं ठोकले. चांगल्या सागाच्या दोन पट्ट्या, बारीक खिळ्यांनी, पक्क्या. ठोकताना फोटो शेजारीच पडला होता. पालथ्या फळीवर कडूबाची नजर गेली आणि त्यानं ती दुसरीकडं वळवली. पोळ्याच्या वेळी बैलांची शिंगं रंगवून उरलेला निळा रंग घरात होता, त्यात थोडा लाल. फळी निळी झाली, कडेनं लाल रेघ आली. वच्छी रंग वाळेपर्यंत तिच्या राखणीला बसली, कोंबडी जवळ आली तरी खडा मारायची.

आता घसरायचं कुठं? त्याची सोय वच्छीनंच काढली. काकासाहेबांच्या वाड्यात तेव्हा नवा कापूस येऊन पडला होता. खरेदी केंद्र सुरू व्हायचं होतं, तोवर सगळ्या मोठ्या शेतकऱ्यांच्या खोल्या कापसानं भरलेल्या. काकासाहेबांची तर एक अख्खी खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि दाराकडं उतार झाला होता. वच्छी म्हणाली, "आबा, फोटूतल्या लाटंवानी दिसतंय." कडूबानं जाऊन हातापाया पडून परवानगी काढली. काकासाहेब कुरकुरले, "सुतारा, माझ्या कापसात कचरा केला तर केंद्रावर तुलाच उभा करीन." पण फळी पाहून तेही दारात येऊन उभे राहिले.

वच्छी वर चढली, फळीवर बसली आणि पुढं जोर दिला. फळी हातभर सरकली, आडव्या पट्ट्या कापसात रुतल्या आणि पोर तोंडावर आपटली. पुन्हा चढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं फळी लाथाडली.

"वाईट हाये ही फळी! अडकती! बाबा खोटं बोलला. मला न्हाई जायचं समुद्रात, मला न्हाई जायचं!"

गादीसाठी कापूस न्यायला शेजारचा फकरोद्दीन पिंजारी तिथं आला होता. कडूबाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं फळी उलटी करून पाहिली. "कडूभाई, ही फळी हाये का पाट? पोरीला जेवायला बसवायचं का हिच्यावर?"

"आमच्यात बिनपायाची फळी लेकराला देत न्हाईत," कडूबा म्हणाला.

फकरोद्दीननं वच्छीच्या हातातला फोटो घेतला. "ही पालथी पडलेली पाह्य. शेपटाला खाली एक पातं हाये, बाकी बिलकुल साफ. तुला हे दिसलं न्हाई? तुला? लाकडातला किडा दिसतो तुला."

कडूबानं फळी सुलटी केली. वच्छी रडत घराकडं पळाली होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "दिसल्तं."

फकरोद्दीननं फोटो फळीवर ठेवला. भुजंगची अट साऱ्या गल्लीला माहीत होती. "माझी फरजाना लगीन करून गेल्ती तवा मला अन्न गोड लागत नव्हतं," तो म्हणाला. "पण तिला न्यायला जीप मीच ठरवून आणल्ती. आणावी लागती, बाबा." त्यानं कापसाचं गाठोडं पाठीवर मारलं आणि तो निघून गेला.

घरी सगुणाबाईला आनंद मावत नव्हता. तिनं गुळाचा शिरा केला, पोरीला मांडीवर घेऊन भरवला. "म्या म्हटलं नव्हतं? जायचं न्हाई म्हणती." कडूबानं ताट बाजूला सारलं. आयुष्यात त्यानं कुणाच्या गाडीचा आस वाकडा बसवला नव्हता, कुणाचं दार कुरकुरू दिलं नव्हतं. आणि आज स्वतःच्या नातीला त्यानं जाणूनबुजून न चालणारी वस्तू करून दिली होती. रिवाज खरा होता, सगुणाचं भ्यावही खरं होतं. पण पट्ट्या ठोकताना हाताला जो जोर आला होता, तो रिवाजाचा नव्हता. त्याला पोर अडकून राहायला पाहिजे होती. त्याला ते कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. डोळ्यांपुढं भुजंगचे ते पसरलेले हात आले. दरवेळी रिकामे मागं जाणारे. आपण उद्या डोळे मिटले तर ही पोर कुणाच्या धोतरामागं दडणार, हा विचार आजवर त्यानं दाराबाहेर उभा ठेवला होता. आता तो आत येऊन बसला.

सकाळी त्यानं पटाशी घेतली आणि पट्ट्या उचकटल्या. खिळ्यांची भोकं भुसा आणि डिंक घालून बुजवली. मग रंधा मारला. मग काचकागद. खालची बाजू अशी गुळगुळीत केली की हात ठेवला तर हातच घसरावा. शेपटाला एक खाच पाडली आणि उरलेल्या सागाच्या पट्टीतून माशाच्या पराएवढं एक पातं कापून काढलं.

सगुणाबाई उंबऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती.

"पाय काढले तुम्ही."

"व्हय."

"माझ्या उषीला..."

"उषीचीच पोर हाये ती," कडूबा म्हणाला. "अन् बापाचीबी हाये ना गं. आपुन किती दिस पुरणार? तूच सांग."

"म्हंजे तुम्हीच घालवणार तिला. आपल्या हातानं. कर्माची गोष्ट हाये!" सगुणाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. कडूबा काचकागद घासत राहिला, घासायला काही उरलं नव्हतं तरी. मग ती बाहेर आली. तिच्या हातात काजळाची डबी होती. तिनं फळी पालथी केली आणि जिथं पट्टी होती तिथं बोटानं काजळाची एक ठसठशीत तीट लावली. लहान असताना वच्छीच्या गालाला लावायची तशी.

"आता बघा म्हणावं कुणाची नजर लागती ते," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

दुपारच्या एसटीनं भुजंग आला. वच्छी नेहमीप्रमाणं धोतरामागं. कडूबानं जावयाला पाणी दिलं, बसा म्हणालाच नाही. खिशातून ते लाकडी पातं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "खाच पाडून ठिवली हाये. पाण्यावर न्यायच्या येळंला हे तुम्ही बसवा. डिंक चालणार न्हाई, तिकडचं काही असंल ते लावा."

भुजंगनं पात्याकडं पाहिलं, मग सासऱ्याकडं. "मामा, म्हंजे नेऊ मी?"

"मला इचारू नका, पाहुणे. अट तुमची हाये. चला काकासाहेबांकडं."

वच्छी यायला तयार नव्हती. "अडकती ती," ती म्हणत होती. "आता न्हाई अडकत," कडूबा म्हणाला. "अडकली तर मला आबा म्हणू नको." तेव्हा कुठं ती निघाली.

कडूबा स्वतः कापसावर चढला, गुडघ्यापर्यंत रुतत, धापा टाकत. पोरीला वर घेतलं. फळी ठेवली, वच्छी तिच्यावर बसली. मग काय मनात आलं कोण जाणे, उठून उभी राहिली, फोटोतल्यासारखे हात पसरून. कडूबानं मागून फळीचं शेपूट धरलं होतं. खाली दारात भुजंग उभा राहिला. त्यानंही हात पसरले. त्याच्यामागं सगुणाबाई होती, काकासाहेब होते.

फळी जागची हलली नाही.

"आबा, तू धरून ठिवली!"

"न्हाई गं," कडूबा म्हणाला. पण त्याची बोटं फळीवर घट्ट होती, त्याचं त्यालाच दिसत होतं.

वच्छीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. तिला ना शाळेचं काही माहीत होतं, ना अटीचं. तिला फक्त घसरायचं होतं.

"जल्दी ढकल ना, आबा! ढकल!"

कडूबानं ढकललं. पांगाऱ्याला कुठं वजन होतं? फळी सुळकन सुटली. पोर क्षणभर उभी होती, खरंच उभी होती, केस मागं उडत होते. मग तिचा तोल गेला आणि ती कापसाचे बोळे उडवत किंचाळत थेट बापाच्या छातीवर जाऊन आदळली. दोघंही दारात लोळली. भुजंगनं तिला घट्ट धरलं होतं. ती सुटायला बघत नव्हती. नाकातोंडात कापूस, आणि पोट धरधरून हसत होती.

"बाबा, पुन्हा! बाबा, समुद्रात याहून जोरात जाती का?"

"लई जोरात," भुजंग म्हणाला.

"मंग तिकडं तू ढकलशील का मला?"

भुजंगनं मान डोलावली. सगुणाबाई पुढं झाली आणि पोरीच्या केसांतला कापूस वेचायला लागली. वेचता वेचता ती जावयाला सांगत होती की हिला शिरा गुळाचा लागतो, साखरेचा खात नाही, आणि झोपताना पाय चोळावे लागतात. काकासाहेब कापूस सांडल्यावरून ओरडत होते आणि स्वतःच गोळा करत होते.

वर राहिलेल्या कडूबाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तो कापसात खाली बसला. अजून पुढं धरलेले हात त्यानं मांडीवर घेतले आणि पोटभर रडून घेतलं. खाली पोर इतक्या मोठ्यानं हसत होती की कुणाला काही ऐकू गेलं नाही.